उजव्या कुशीचा निवाडा

१२ जून

बारक्या,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे उरला आहे की नाही, हे तू ठरवशील. तोवर ती जागा कोरी सोडते.

तू माझा फोन उचलत नाहीस. ही तक्रार नव्हे, वस्तुस्थिती आहे, म्हणून लिहिते. फोन मध्येच तोडता येतो. पत्र फाडायचे झाले तरी आधी हातात घ्यावे लागते.

विषय असा. तीन वर्षांपूर्वी तू मला तुझे एक मूत्रपिंड दिलेस. आपण दिलेल्या वस्तूची आज काय स्थिती आहे हे देणाऱ्याला कळले पाहिजे, असे माझे मत आहे आणि तेवढ्यापुरतेच हे पत्र आहे. मागणी काहीही नाही.

गेल्या महिन्यात माझ्या रक्तात एक विषाणू सापडला. त्याला धड नावही नाही. ज्या रुग्णात तो प्रथम दिसला त्याच्या नावाची दोन आद्याक्षरे तेवढी त्याला चिकटली आहेत. तो रुग्णही दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर जगणारा होता. डॉक्टरीणबाई सांगतात की हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो, चार दिवस नाक गळवतो आणि मग मूत्रपिंडात जन्मभर निजून राहतो. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्यासारखी माणसे, ज्यांची प्रतिकारशक्ती परके मूत्रपिंड टिकावे म्हणून औषधांनी दाबून ठेवलेली असते, त्यांच्यात मात्र तो जागा होतो आणि ज्या घरात निजला होता तेच घर पोखरू लागतो.

तो बहुधा तुझ्याबरोबरच माझ्याकडे आला. हे वाक्य लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. लपवले असते तर ते अप्रामाणिक झाले असते. पण यात स्वतःचा दोष शोधू नकोस. तुला ती खोड आहे. शेजारची काच मधल्या भावाने फोडली तरी आधी तूच भोकाड पसरायचास.

प्रकृती एरवी ठीक.

ताई


४ जुलै

बारक्या,

उपचार सुरू झाले आहेत. उपचार म्हणजे काय, हे ऐकून तुला हसू येईल. काही द्यायचे नसून काढून घ्यायचे आहे.

संवाद जसा झाला तसा उतरवते.

"या विषाणूवर खात्रीचं औषध नाही, मॅडम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आहे ती तुमची स्वतःची प्रतिकारशक्ती. ती आम्हीच दाबून ठेवलीय. आता जरा सैल सोडायची."

"आणि सैल सुटल्यावर ती मूत्रपिंडावरच धावून गेली तर?"

"तारेवरची कसरत आहे खरी. एका बाजूला विषाणू, दुसऱ्या बाजूला..."

"दुसऱ्या बाजूला माझा भाऊ."

त्यांनी चष्मा काढून पुसला. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, मला मुलगी असती तर. "मूत्रपिंड, मॅडम," त्या म्हणाल्या.

मी रोज तीन औषधे घेते. पहिल्याचे प्रमाण दर खेपेला रक्तातून मोजतात. तिसरे किरकोळ. मधले औषध आधी निम्मे करायचे आणि मग बंद करायचे, असे ठरले. ते मोजण्याची तिथे पद्धत नाही. रुग्णाच्या शब्दावर काम चालते. सूचना मी लक्षपूर्वक ऐकून घेतल्या आहेत.

रुग्णालयाच्या त्या लांबलचक बाकावर बसले की माणसाला नको ते आठवते. मला बाबांचे पंपदुरुस्तीचे वर्कशॉप आठवले. जळक्या वॉर्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळे, आणि उघडलेल्या पंपावर ओणवा झालेला तू, तोंडात स्क्रू धरून बोलणारा. बाबा गेले, आणि जागा तुझी की मधल्याची हा वाद तुम्ही दोघे माझ्याकडे घेऊन आलात. मी निवृत्त झाले होते. तीस वर्षे लोकांचे खटले ऐकून कान किटले होते. तरी तुम्ही म्हणालात, "ताई, तू सांगशील ते." दोघेही म्हणालात.

मी जागा मधल्याला दिली आणि कारण सांगितले: ज्याच्या हातात कसब आहे तो कुठेही उभा राहील, ज्याच्या हातात नाही त्याला जागा लागते. युक्तिवाद म्हणून तो आजही मला निर्दोष वाटतो. हातातली पक्कड ठोकळ्यावर ठेवलीस, हात पुसलेस, आणि अर्धे शटर ओढलेल्या दारात उभा राहून विचारलेस, "ताई, खरं सांग. मी किडनी दिली नसती तर वर्कशॉप मला मिळालं असतं ना?"

मी म्हणाले, "काल्पनिक प्रश्नांना मी उत्तर देत नाही."

शटरखालून वाकून तू गेलास. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही. दोन वर्षे होतील.

ताई


२ ऑगस्ट

बारक्या,

तुझ्या बायकोचा फोन आला होता. हे तिने तुला सांगितले नसेल तर मीही सांगितले नाही असे समज.

"वन्सं, पत्रं पोचतात बरं का," ती म्हणाली.

"वाचतो?"

"माझ्यासमोर कशाला वाचतील! पण दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या पानावर चहाचा डाग पडलाय. म्हणजे तिथवर तरी मजल गेलीय."

न्यायालयात मी याहून कच्च्या पुराव्यावर माणसे सोडली आहेत. डाग ग्राह्य धरते.

मधलाही येऊन गेला, फळांची पिशवी घेऊन. वर्कशॉपमध्ये त्याने तयार पंपांचे दुकान टाकले आहे. तुझे तार गुंडाळण्याचे, वाइंडिंगचे यंत्र मागे ताडपत्रीखाली आहे. "आता दुरुस्ती कोण करतं ताई, लोक सरळ नवीनच घेतात," असे तो म्हणाला. ही नोंद आहे, मत नव्हे.

प्रकृतीविषयी: विषाणू कमी झालेला नाही. वाढला आहे. मूत्रपिंडाचा सुईने तुकडा काढून तपासला, त्यात तो सर्वत्र पसरलेला दिसला. तुकडा काढताना दुखत नाही, फक्त बंदुकीच्या चापासारखा टक् आवाज होतो. मला वाटले, हा आवाज तुला तिकडे ऐकू गेला असेल. असे वाटण्याला काही आधार नाही, हे मी जाणून आहे.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावले आणि दार लावून घेतले.

"मॅडम, हे गणित जुळत नाहीये. मधलं औषध बंद होऊन इतके दिवस झाले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एव्हाना वाढायला हव्या होत्या. तुमच्या होत्या तिथेच आहेत. औषध चालू असावं तशा."

मी पर्सची चेन लावली. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क असतो.

"मी सरळच विचारते," त्या म्हणाल्या. "तुम्ही ती गोळी बंद केली आहे का?"

तुला माझा स्वभाव माहीत आहे. न विचारलेले मी सांगत नाही, पण थेट विचारल्यावर आजवर कधी खोटे बोललेले नाही.

"नाही," मी म्हणाले.

"निम्मी तरी केली?"

"नाही. घरात साठा होता. पूर्वीसारखीच चालू आहे."

त्या रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी फक्त पेन खाली ठेवले. "लोक गोळ्या चुकवतात म्हणून मी रोज भांडते," त्या म्हणाल्या. "सांगितल्यावरही न चुकवणारा पेशंट मला पहिल्यांदाच भेटला. का, मॅडम?"

ते उत्तर त्यांना देण्याचे नव्हते.

ताई


१९ ऑगस्ट

बारक्या,

उत्तर तुला देण्याचे आहे.

गोळी आता बंद आहे. आठवड्याला एकदा सलाइनमधून दुसऱ्यांची प्रतिद्रव्ये देतात; अनोळखी हजारो लोकांच्या रक्तातून गाळलेली. त्याने गुण येईलच असे डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. त्या जे जाणतात तेवढेच बोलतात, म्हणून मला आवडतात.

आता कारण. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितले होते की गोळी कमी केली तर माझे शरीर तुझे मूत्रपिंड परके म्हणून ओळखेल आणि बाहेर काढू पाहील. शक्यता थोडी आहे, पण आहे. मी घरी आले, गोळीची पट्टी हातात घेतली आणि विचार केला: एकदा मी बारक्याला बाबांच्या जागेबाहेर काढले. माझ्या पेशींना तेच करण्याची परवानगी मी देणार नाही.

इतकेच.

वाचायला हे बरे वाटते, म्हणूनच त्यावर माझा विश्वास नाही. मी ते उलटून पालटून तपासले. तुला राखण्यासाठी मी विषाणूला राखले. तुझे मूत्रपिंड माझ्या शरीराने कुरतडले नाही; पहारेकऱ्याचे हात मी बांधून ठेवले आणि चोराने ते खाल्ले. वेळीच गोळी कमी केली असती तर ही वेळ टळली असती का? डॉक्टरीणबाईंना मी थेट विचारले. त्या म्हणाल्या, "बहुतेक." पुढे म्हणाल्या, "पण मॅडम, याचं काही सांगता येत नाही." पहिला शब्द उत्तराचा होता, बाकीचे दयेचे.

माझ्या हातून हे कसे घडले असे तू विचारशील. कायदा शिकलेल्या, आयुष्यभर पुरावा चाळणाऱ्या बाईच्या हातून. मलाही तेच विचारायचे आहे, आणि इथे दुसरे कोणी नाही.

ताई


९ ऑक्टोबर

बारक्या,

मूत्रपिंड थांबले.

ते एकदम थांबत नाही. आधी पाय सुजतात, मग तोंडाला धातूची चव येते, मग अन्नावरची वासना जाते. गेल्या आठवड्यापासून डायलिसिस सुरू आहे. एका लांब खोलीत दोन्ही बाजूंना खुर्च्या आहेत, प्रत्येक खुर्चीशेजारी एक यंत्र. माझ्या शेजारी एक निवृत्त बसचालक असतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "बाई, किती वर्षं चालली?" मी म्हणाले, तीन. ते म्हणाले, "माझी अकरा चालली. बायकोची होती." आणि खिडकीबाहेर पाहू लागले. बायको आहे की नाही, हे मी विचारले नाही.

आता मुद्दा. बंद पडलेले मूत्रपिंड सहसा आतच राहू देतात. माझी मूळची दोनही तशीच आत आहेत. परंतु मला बारीक ताप येतो आणि त्या जागी दुखते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोन पर्याय ठेवले आहेत. एक, शस्त्रक्रिया करून काढून टाकणे; माझ्या वयाला त्यात धोका आहे. दोन, ठेवणे आणि लक्ष ठेवणे; त्यात वेगळा धोका आहे. दोन्ही बाजू जवळजवळ समतोल आहेत. "तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या.

मी ठरवणार नाही. काढायचे की ठेवायचे, हे तू सांग. माझा कल मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तू त्याच्याकडे झुकशील, किंवा माझ्यावरचा राग म्हणून उलट जाशील. तुला मी कधी काही विचारले असेल असे मला आठवत नाही. जेव्हा बोलले तेव्हा सांगितलेच. हा प्रश्न आहे आणि तो काल्पनिक नाही.

उत्तराची घाई नाही. म्हणजे आहे, पण ती माझी.

ताई


६ नोव्हेंबर

बारक्या,

तू गेल्यावर समोरच्या खुर्चीवरच्या आजींनी विचारले, "मुलगा का?" मी म्हणाले, धाकटा भाऊ. त्या म्हणाल्या, "केस किती पिकलेत हो त्याचे." मला ते दिसलेच नव्हते. मी तुझे हात पाहत होते.

तुझ्या येण्याची काही गोष्टींपुरती नोंद करून ठेवते, कारण तोंडाने बोलताना मी निम्मे सांडले.

तू आलास, मान हलवलीस, स्टूल ओढून बसलास आणि माझ्याकडे न पाहता यंत्राकडे पाहत राहिलास. मग म्हणालास, "याचा पंप बरा आहे. पण आवाजावरून बेअरिंग जायला आलंय."

सिस्टर घाबरून धावत आल्या. "काय जायला आलंय?"

"काही नाही हो," तू म्हणालास. "अजून वर्षभर ओढेल. आमच्या ताईसारखं."

बसचालक इतके हसले की त्यांच्या यंत्राची घंटी वाजली. मीही हसले. नंतर तू पुटपुटलास, "तीन आहेत आत आणि एकही चालेना. असा स्टोअर मधल्याचा असतो." त्यावर हसावे की नाही हे मला कळले नाही, तुलाही कळले नसावे.

मग माझ्याकडे न पाहताच तू म्हणालास, "पहिल्या वेळी मला न विचारता मलाच बाहेर काढलंस. दुसऱ्या वेळी मला न विचारता गोळी चालू ठेवलीस. माझ्याच किडनीपायी दोन निकाल दिलेस ताई, आणि मला साधी तारीखसुद्धा कळवली नाहीस."



"आता विचारलंय," मी म्हणाले.

"म्हणून तर आलो." तू गुडघ्यांवर हात घासलेस, पूर्वी तेल पुसायचास तसे. "आमच्यात जळालेली मोटार लगेच उपटत नाहीत. पाइप जोडलेले असतात; काढायला जावं तर चांगलं होतं तेही तुटतं. ठेव. बसू दे कोपऱ्यात."

"ठेवते."

"आणि पत्राच्या वर काहीतरी लिहीत जा. कोरं असलं की नोटीस आल्यासारखं वाटतं. बायको दारातच विचारते, काय केलंत म्हणून."

वर्कशॉपचे नाव तू काढले नाहीस. मीही नाही. बस चुकेल म्हणून उठलास, आणि माझ्या पायांवरचे पांघरूण उगाच नीट केलेस. ते आधीच नीट होते.

या पत्रावर मात्र वरची जागा अजून कोरी आहे. तू म्हणालास तेव्हा मी मान्य केले, पण लिहायला बसले तेव्हा हात पुढे गेला नाही. तो दोष हाताचा समज.

ताई


२१ डिसेंबर

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

सिस्टरकडून हा कागद मागून घेतला आहे. अक्षर वाकडे आहे, ते आडवे पडून लिहिल्यामुळे.

तुला ठाऊक आहे तेच लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला ते झाल्यासारखे वाटत नाही. ताप उतरेना, मग लघवीतून रक्त येऊ लागले, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता पर्याय दोन राहिलेले नाहीत. संमतीपत्र पुढे ठेवले. मी पेन उघडले आणि पुन्हा बंद केले. "आधी एक फोन करायचा आहे," मी म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि फोन माझ्या हातात दिला.

मागे मोटार घरघरत होती. "थांब, बंद करतो," तू म्हणालास. मग इतके शांत झाले की मला वाटले फोन तुटला.

"काढावं लागेल म्हणतात," मी म्हणाले. "तू ठेव म्हणाला होतास. म्हणून विचारते."

"काढ."

"तुझा निकाल होता."

"मग बदलतो. मला बदलता येतो ताई, माझं तुझ्यासारखं नाही." आणि मग, तुझा आवाज लहानपणी अंधारात यायचा तसा आला, "त्याचं काम झालं गं. तू राहा म्हणजे झालं."

मी सही केली.

शुद्धीवर आले तेव्हा तू पायाशी बसला होतास. तू कधी आलास, मला ठाऊक नाही. तीन दिवस राहिलास, नर्सशी पलंगाच्या चाकावरून भांडलास, ते चाक दुरुस्त केलेस आणि आज सकाळी गेलास. पुढच्या महिन्यात येतो म्हणालास. येशील की नाही हे मी गृहीत धरत नाही.

उजव्या कुशीत आता खड्डा आहे. तीन वर्षे बसता उठता माझा हात तिथे जाई. आत काहीतरी आहे, आपले नसलेले आणि आपल्यासाठी राबणारे, हे चाचपून पाहण्याची सवय लागली होती. हात अजून जातो. टाक्यांवर थांबतो आणि परत येतो.

एक काम राहिले आहे. तू वर्कशॉपच्या दारात मला एक प्रश्न विचारला होतास, आणि तो काल्पनिक आहे म्हणून मी उत्तर नाकारले होते. त्या वेळी तुझे मूत्रपिंड माझ्या अंगात चालू होते; जागा तुला दिली असती तर ती त्याची परतफेड दिसली असती. ते नसताना मी काय ठरवले असते हे सांगण्याच्या स्थितीत मी नव्हते, अशी माझी भूमिका होती. आता ते माझ्या अंगात नाही. ती भूमिका उरलेली नाही. प्रश्न उत्तरास पात्र आहे.

तू किडनी दिली नसतीस, तर वर्कशॉप तुला मिळाले असते का?

हो.

ताई